मी, रेडिओकाकांची पाटी

मी एक जुना टॅबलेट आहे. जुना, छोटा आणि स्वस्तातला. हे तिन्ही शब्द मी स्वतःच आधी सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी कुजबुजायला नको. मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही नाक मुरडणार हे मला माहीत आहे. तुमच्या घरी माझ्यापेक्षा चकचकीत मंडळी असतील. असू द्यात. आधी माझी गोष्ट ऐका, मग नाक मुरडायचं की नाही ते ठरवा.

माझा पडदा आठ इंचांचा. मोठ्या माणसाच्या एका पंजात मी मावतो, म्हणून माझ्या खोक्यावर ‘सुटसुटीत’ असं कौतुकानं छापलं होतं. पाठ प्लास्टिकची. मागचा कॅमेरा उजेडात बरा, सावलीत आंधळा. पुढच्या कॅमेऱ्यात तर स्वतःला बघून माणसाला आपल्या तब्येतीची काळजी वाटते. खाली एकच स्पीकर, बाजूला हेडफोनचं भोक, आणि त्याच्या शेजारी मेमरी कार्डाची फट. ही फट झाकणाखाली कितीतरी वर्षं रिकामीच होती. रॅम दोन जीबी. साठवणीची जागा बत्तीस जीबी, आणि त्यातली बरीचशी कारखान्यातच माझ्या स्वतःच्या संसाराला लागलेली.

त्यामुळे मी जरा मंद आहे. माझ्यावर बोट टेकवलं की मला कळतं, पण हो म्हणायला मी वेळ लावतो. तेवढ्यात कुणी घाईनं पुन्हा बोट टेकवलं की माझा गोंधळ उडतो. या एका खोडीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली. एक बॅटरी मात्र माझी दणकट. सकाळी पोटभर खाल्लं की संध्याकाळपर्यंत मी हूं की चूं करत नसे.

कारखान्यातला माझा जन्म मला पुसटसाच आठवतो. लांबलचक सरकता पट्टा, हातमोजे घातलेली माणसं आणि पांढराशुभ्र उजेड. एका बाईनं माझ्या पडद्यावरची धूळ हलकेच पुसली आणि त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलं. आयुष्यातला तो पहिला मायेचा हात. तिथून मी एका दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर बसलो. वरच्या फळ्यांवर धातूच्या पाठीची, मोठ्या पडद्यांची बडी मंडळी होती. कुणी माझ्यासमोर वाकलं की ते बुटाची नाडी बांधायलाच वाकलेलं असे.

एके दिवशी मात्र एक बाई खरोखरच माझ्यासाठी वाकली. ती एका दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स होती. तिला आपल्या बाबांना काहीतरी भेट द्यायचं होतं.

“ताई, हा कशाला घेताय?” विक्रेता म्हणाला. “जरा वरचे बघा. हा मध्येच अडकतो.”

“अडकू दे,” ती हसून म्हणाली. “माझे बाबा बोलायला लागले की सगळेच अडकतात.”

असा मी तिच्या बाबांच्या सलूनमध्ये आलो. रस्त्याकडेला दोन खुर्च्यांचं सलून. समोर भिंतभर आरसा. आरशाखालच्या फळीवर कंगवे, कात्र्या, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, पावडरचा डबा आणि मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश. माझी जागा ब्रशच्या शेजारी. मागच्या बाजूला एक जाड पडदा होता आणि पडद्यामागे लगेच घर. स्वयंपाकघर तर पडद्याला इतकं लागून, की फोडणी टाकली की खुर्चीतलं गिऱ्हाईक शिंकायचं.

या सलूनच्या मालकांना सगळे रेडिओकाका म्हणत. का, ते सांगायला नकोच. कात्री थांबे, पण काका थांबत नसत. कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाच्या सासऱ्यानं नवी दाढी ठेवली, कुठल्या रस्त्यावर खड्डा पडला, सगळं त्यांच्याकडे ताजं मिळायचं. लोक केस कापायला येत आणि केस कापून झाल्यावरही बाकावर बसून राहत. एक बसचालक तर दर आठवड्याला यायचा. काका त्याला स्टेअरिंग म्हणत. स्टेअरिंगच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. तो दाढी करून घ्यायचा, पण खरा यायचा तो गप्पांसाठी.

मला पाहिल्यावर काका म्हणाले, “ही पाटी बरी आहे. पुसायला फडकं लागत नाही.” तेव्हापासून मी पाटी झालो. केसांच्या तऱ्हा दाखवणं, पावसाचा अंदाज सांगणं, वाट बघणाऱ्यांना सामना दाखवणं ही माझी कामं. मी अडकलो की काका माझ्यावर फवाऱ्यानं पाणी मारल्यासारखं करत आणि म्हणत, “जागा हो रे बाबा!” मी काही त्यानं लवकर जागा होत नसे, पण बाकावरची माणसं हसत. मलाही ते आवडायचं.

आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपणार आहे. काकांना चहा हवा असो, धुतलेला टॉवेल हवा असो, नाहीतर नुसतंच काहीतरी सांगायचं असो, ते पडद्याकडे तोंड करून जोरात हाक मारत, “अगं, ऐकलंस का!” काकांचा आवाज जाड आणि थोडा खरखरीत. रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल असा. मग पडद्यामागून काकूंचं ठरलेलं उत्तर येई, “आले हो आले! घसा कशाला फाडताय?” हे दिवसातून कितीदा व्हायचं कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी कुणी ऐकत नाही, तसं हेही कुणी ऐकत नसे. मीसुद्धा नाही.

पुढे काकांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून ते मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत राहिले. गुळण्या झाल्या, काढे झाले, पण आवाज काही सुटेना. उलट तो जास्तच घोगरा झाला. शेवटी लेकीनं त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. घशात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. त्यानं जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवशी काकांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ही बातमी स्वतःच दिली. “जीव ठेवणार आणि आवाज नेणार म्हणे,” ते म्हणाले. “कात्री ठेवून धार नेण्यातला प्रकार.” आणि स्वतःच मोठ्यानं हसले. गिऱ्हाईक हसलं नाही. पडद्यामागे भांडी घासण्याचा आवाज एकदम थांबला होता.

लेकीनं दवाखान्यात असे रुग्ण पाहिले होते. कुणी खुणा करत, कुणी लिहून दाखवत. आपल्या बाबांचं असं व्हावं हे तिला सहन होईना. तिच्या डोक्यात एक कल्पना आली. आवाज आहे तोवर रोजची लागणारी वाक्यं बाबांकडून बोलून घ्यायची आणि ती माझ्यात भरून ठेवायची. मग बाबांनी पडद्यावरच्या चौकोनाला नुसतं बोट लावायचं, की त्यांच्याच आवाजात वाक्य ऐकू येणार. ज्या दिवशी तिनं हे सांगितलं, त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं, की खालच्या फळीवरून उचलून मला कुणीतरी अगदी वर ठेवलंय.

शस्त्रक्रियेच्या थोडंसंच आधी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, तिनं काकांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. मला समोर पावडरच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि ध्वनिमुद्रणाचं बटण दाबलं.

“म्हणा बाबा, ‘कृपया मला पाणी हवं आहे.’”

“मी असं कधी बोलतो? मी म्हणतो, पाणी आण.”

“दवाखान्यात नर्सला ‘पाणी आण’ म्हणणार का?”

“तू नर्सच आहेस. तुला म्हणतोच की रोज.”

“बाबा!”

“अहो, पोर सांगतेय तसं म्हणा की एकदाचं,” पडद्यामागून काकू म्हणाल्या.

“हे काय बोलणं झालं? मी म्हणणार, आणि ऐकणाऱ्याला वाटणार रेडिओकाका वारले, हा दुसराच कुणीतरी आलाय.”

मित्रांनो, ती अख्खी दुपार अशीच गेली. लेक आधी बटण दाबायची, मग वाक्य सांगायची, मग काका त्यावर वाद घालायचे, मग काकू मध्ये पडायच्या, मग काका काकूंना चिडवायचे, आणि या सगळ्यानंतर कुठे शेवटी काका ताठ बसून, घसा साफ करून, ते एक वाक्य म्हणायचे. एकदा तर लेकीनं त्यांच्याकडून ‘आपली आभारी आहे’ की ‘आपला आभारी आहे’ यावर इतक्या तालमी करून घेतल्या, की तिनं पुन्हा बटण दाबताच ते वैतागून पडद्याकडे वळले आणि त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात जीव एकवटून ओरडले, “अगं, ऐकलंस का! बाहेर ये जरा! ही तुझी लेक म्हातारपणी माझ्याकडून पाठांतर करून घेतेय!” आणि आतून आलं, “आले हो आले! घसा कशाला फाडताय?”

माझा माइक स्वस्तातला. कोणता आवाज कामाचा आणि कोणता बिनकामाचा हे त्याला कळत नाही. त्यानं सगळं घेतलं. कुकरची शिट्टीसुद्धा.

नंतर लेकीनं घरी बसून ते काम नीट केलं. शस्त्रक्रियेच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला स्वच्छतेची फार सवय असते. तिनं प्रत्येक लांब फायलीच्या शेपटाकडचं ते एक वाक्य कापून घेतलं, त्याला नाव दिलं, आणि पडद्यावर मोठे मोठे चौकोन केले. ‘पाणी.’ ‘बसा.’ ‘इकडे या.’ ‘आभार.’ मूळच्या लांबलचक फायली बिननावाच्या तशाच माझ्या पोटात पडून राहिल्या. भांडणं, चिडवणं, कुकर, सगळं त्यांच्यात. त्या कुणाच्या ध्यानातही राहिल्या नाहीत.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काका बरे होऊन घरी आले. गळ्याला श्वासासाठी एक छिद्र होतं. त्यात कापलेले केस जाऊ नयेत म्हणून लेकीनं मऊ सुती रुमाल शिवून दिले होते, ते काका गळ्याला बांधत. हातांना काहीच झालं नव्हतं. कात्री पूर्वीसारखीच चालत होती. सलून उघडलं त्या दिवशी बाकावर बसायला जागा नव्हती.

काकांनी मोठ्या उत्साहानं माझ्यावर बोट ठेवलं. मी थोडा वेळ घेतला आणि मग त्यांच्याच आवाजात म्हणालो, “नमस्कार. कृपया बसावे.”

स्टेअरिंग खुर्चीत अगदी ताठ बसला.

“आपले केस किती कमी करावेत?” मी विचारलं.

“काका,” स्टेअरिंग म्हणाला, “मी चुकून बँकेत आलो का हो?”

सगळे हसले. काकाही खांदे हलवून हसले, पण आवाज नव्हता. हळूहळू ते हसू सरलं. एखादी गंमत सुचली तर काकांना ती टाइप करावी लागे. कात्रीवर पळणारी त्यांची बोटं माझ्या अक्षरांवर चाचपडत चालत. मग लिहिलेलं वाचून दाखवणारी माझ्यातल्या आयत्या आवाजाची बाई स्टेशनवरची सूचना सांगावी तशी ती गंमत सांगायची, आणि तोवर गिऱ्हाईक उठून बाहेर पडलेलं असायचं. लोक येत राहिले, पण केस कापून झाले की निघून जाऊ लागले. बाक रिकामा पडू लागला.

पण सगळ्यात वाईट घडलं ते पडद्यापाशी. पहिल्याच दिवशी काकांना चहा हवा होता. त्यांनी ‘इकडे या’ला बोट लावलं. मी म्हणालो, “कृपया जरा इकडे यावे.” काकू हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, “कोण आलंय?” काकांनी स्वतःकडे बोट दाखवलं.  काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. त्यानंतरही त्या येत, चहा ठेवत, जात. ते उत्तर मात्र पुन्हा कधी आलं नाही. ज्याचा घसाच गेला त्याला ‘घसा कशाला फाडताय’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? थोड्याच दिवसांत काकांनी ते चौकोन वापरणं सोडलं. चहा हवा असला की ते कंगवा फळीवर ठोकत.

एकदा काकू पडद्याशी उभ्या राहून लेकीला हळूच म्हणाल्या, “आवाज त्यांचाच आहे गं. पण हा माणूस माझ्याशी असं कधी बोललाच नाही. कुणी परका पाहुणा राहायला आल्यासारखं वाटतं मला.”

“आई, मी जमेल ते केलं.”

“तू खूप केलंस. पण मला त्यांचं ते ओरडणं हवंय. नुसतं एकदा.”

“ओरडणं कुठून आणू आता?” लेक म्हणाली.

आणि मी तिथेच होतो! हाताच्या अंतरावर, ब्रशच्या शेजारी. ते ओरडणं माझ्या पोटात होतं. मित्रांनो, दुसऱ्याला बोलता यावं म्हणून आणलेल्या यंत्राला स्वतःहून एक शब्द बोलता येत नाही, याचं मला त्या दिवशी जितकं वाईट वाटलं तितकं कधीच वाटलं नाही.

त्यातच माझी जागा भरली. केसांच्या तऱ्हांचे फोटो, गिऱ्हाइकांनी बघितलेले सामने, नाना गोष्टी. मी पडद्यावर सारखा ‘जागा अपुरी आहे’ असं दाखवू लागलो. वाक्य म्हणतानाही मध्येच माझा श्वास अडके. एका नव्या गिऱ्हाइकाला मी “आपला आ...” एवढंच म्हणून गप्प झालो. तो गोंधळून काकांकडे बघत राहिला आणि काका ओशाळले.

लेक तिच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी सलूनमध्ये आली तेव्हा काकांनी मला तिच्यापुढे ठेवलं. काका स्टेअरिंगची दाढी करत होते. त्याच्या अर्ध्या गालाला साबणाचा फेस होता. पडद्यामागे काकू काहीतरी निवडत होत्या. लेक बाकावर बसून माझं पोट तपासू लागली.

“बाबा, इथे त्या दिवशीच्या लांबच लांब फायली पडल्यात,” ती म्हणाली. “त्यातलं कामाचं मी आधीच कापून ठेवलंय. उरलाय तो सगळा कचरा. पुसून टाकू ना?”

काकांनी वस्तऱ्यावरची नजर न काढता होकारार्थी मान हलवली. त्या फायलींमध्ये काय आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं? लेकीलाही आठवत नव्हतं. आणि मी काय करणार? तिनं पहिली फाईल पुसली. मी ती पुसली. माझं कामच आहे ते. तिनं दुसरी पुसली. तिसरी पुसली. प्रत्येक फायलीबरोबर ती दुपार माझ्यातून थोडी थोडी निघून चालली होती. कुकरची शिट्टी गेली. ‘बसा’वरून झालेलं भांडण गेलं. ते आता कुठेच नाही. माझ्यातही नाही. असं काहीतरी होतं एवढंच मला माहीत आहे.

मग माझी दमछाक झाली. तिनं पुढच्या फायलीसमोरच्या पुसायच्या खुणेवर बोट टेकवलं आणि मी नेहमीसारखा अडकलो.

“काय मंद आहे गं बाई हा!” ती म्हणाली आणि तिनं घाईनं पुन्हा बोट टेकवलं.

मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगतो, माझा नेहमीचा गोंधळ उडाला, दुसरं काही नाही. तिचं पहिलं बोट या वेळी मला कळलंच नाही, मी अजून आधीची फाईल पुसण्यातच गुंतलो होतो. आणि दुसरं बोट टेकेपर्यंत ती पुसून होऊन पडद्यावरची यादी वर सरकली होती. बोट पुसायच्या खुणेवर न पडता एका फायलीवरच पडलं. फाईल सुरू झाली. रस्त्याच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून माझा आवाज काका नेहमी पूर्ण मोठा ठेवत.

“अगं, ऐकलंस का! बाहेर ये जरा! ही तुझी लेक म्हातारपणी माझ्याकडून पाठांतर करून घेतेय!”

“आले हो आले! घसा कशाला फाडताय?”

हे उत्तर एका काकूंनी दिलं नाही. दोघींनी दिलं. एक माझ्यातल्या आणि एक पडद्यामागच्या. दोघी अगदी एकदम बोलल्या.

पडदा सरकला. काकू हातात निवडायची परात तशीच घेऊन बाहेर आल्या आणि उंबरठ्यातच थांबल्या. आपण काय बोललो ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. काकांचा हात स्टेअरिंगच्या गालाजवळ हवेतच राहिला होता.  लेकीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

मग काकांचे खांदे हलायला लागले. त्यांनी वस्तरा फळीवर ठेवला, कारण हसताना वस्तरा धरायचा नसतो हे त्यांना पक्कं माहीत. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गळ्यावरचा रुमाल हलत होता. त्यांनी लेकीच्या मांडीवरून मला उचललं, काकूंकडे बघितलं, आणि त्याच फायलीवर पुन्हा बोट ठेवलं.

“अगं, ऐकलंस का!”

“ऐकलं हो, ऐकलं,” काकू म्हणाल्या. परात त्यांनी रिकाम्या खुर्चीत ठेवली. “समोर उभी आहे तरी ओरडताय! अख्ख्या रस्त्याला कळायला हवं का?” आणि एवढं बोलून त्या बाकावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. शस्त्रक्रियेच्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या, असं लेक नंतर म्हणाली.

“आई, मी यातल्या काही पुसून टाकल्या गं,” लेक रडत म्हणाली. “मला वाटलं कचरा आहे.”

“राहिलंय ना हे?” काकू म्हणाल्या. “हे पुष्कळ आहे. आता हात लावू नकोस त्याला.”

“काका,” स्टेअरिंग हळूच म्हणाला, “माझा अर्धा गाल राहिलाय. पण घाई नाही.”

त्याच दिवशी लेक धावत जाऊन मेमरी कार्ड घेऊन आली. इतकी वर्षं रिकामी असलेली माझी फट भरली. उरलेल्या फायली कार्डावर गेल्या, तिच्या फोनमध्ये गेल्या, दवाखान्यातल्या तिच्या संगणकावरही एक प्रत गेली. मग तिनं दुसरी कापाकापी केली, पण या वेळी उलटी. शेपटाकडची शहाणी वाक्यं सोडून आधीचं सगळं वेचलं. पडद्यावर नवे चौकोन आले. ‘हे काय बोलणं झालं?’ हा चौकोन तर इतका उपयोगी निघाला, की काका तो सगळ्यांवर चालवतात. कुणी भाव वाढल्याचं सांगितलं, हे काय बोलणं झालं? कुणी मुलाचं कौतुक फारच लांबवलं, हे काय बोलणं झालं? बाकावर पुन्हा माणसं बसायला लागली. ‘कृपया बसावे’ अजून आहे, पण ते फक्त पालिकेचा माणूस तपासणीला आला की वाजतं.

आता मी खरोखरच जुना झालोय. माझ्या पडद्याच्या एका कोपऱ्याला तडा गेलाय, काकांच्या हातून नाही, स्टेअरिंगच्या कोपरानं. चार्जिंगची पिन ढिली झाल्यानं वायर रबरानं बांधावी लागते. ज्या बॅटरीचा मला एवढा तोरा होता, ती दुपारीच मान टाकते. दुरुस्तीवाल्यानं मला उलटापालटा करून बघितलं आणि सांगितलं, “काकू, आता हा फेकून द्या. नवा घ्या.”

“जुनं झालं म्हणून आम्ही कुणाला फेकत नाही,” काकू म्हणाल्या. “नाहीतर आधी ह्यांना फेकलं असतं.”

काकांनी लगेच माझ्यावर बोट ठेवलं. “हे काय बोलणं झालं?”

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याला ऊन, पाणी आणि पडणं यांपासून जपा, त्याची वायर ओढू नका, आणि ते अडकलं तर घाईनं बोटं आपटू नका. आमच्यासारख्या मंद मंडळींनाही थोडा वेळ द्या. पण याहून मोठी विनंती दुसरीच आहे. तुमच्या माणसांचे आवाज साठवाल, तेव्हा त्यांना ताठ बसवून, घसा साफ करायला लावून साठवू नका. त्यांना चिडू द्या, हसू द्या, एकमेकांवर ओरडू द्या. आणि कधी जागा कमी पडली, तर पुसण्याआधी एकदा ऐका.

कधीतरी पडद्याच्या या बाजूला किंवा त्या बाजूला एकच माणूस उरेल. ते मला कळतं. तेव्हाही माझ्या कार्डात दोघं असतील, एक हाक मारणारा आणि एक उत्तर देणारी. पण यंत्राच्या पोटातलं उत्तर ते शेवटी यंत्राच्या पोटातलं. म्हणून सांगतो, आज तुमच्या घरात कुणी आतल्या खोलीतून तुम्हाला हाक मारली, कितीही ओरडून मारली, तरी कंटाळू नका. पटकन ओ द्या.

आमच्याकडे आता चहाची वेळ झाली आहे. काकांनी कात्री ठेवली, हात पुसले आणि बोट माझ्याकडे आणलं. मी नेहमीसारखा जरा वेळ घेईन. आत काकूंनी गॅस बारीक केलाय, आणि त्या पडद्याशी येऊन, मी बोलण्याची वाट बघत उभ्या आहेत.